पिवळा सांगितला, पांढरा लावला

आमच्या अलिबागेतल्या त्या वायरमनला नुसतं "दिवा बसवा" म्हणून सांगायची सोय नव्हती. आधी तो दिवा कानाशी धरून काचेवर नखानं टिचकी मारणार, मग दिव्यांच्या तिन्ही जातींची तुलना ऐकवणार. "कार्बनच्या तारेचा पिवळा. वीज खातो भारी, पन उजेड समईएवढा. धातूच्या तारेचा बरा हाय, पन दार आपटलं की तार तुटली. काचेत ग्यास भरल्याला, तो ग्यासचा पांढरा, तो काय लपवत न्हाय." दर वेळी हेच, ह्याच क्रमानं, आणि मी खाली स्टूल धरून उभा.

मुलीला बघायला मुंबईहून पाहुणे यायचे होते. ती सावळी, म्हणून मी त्याला बजावलं, "बैठकीत कार्बनचाच लावा. पिवळ्या उजेडात रंग उजळ दिसतो." त्यानं मान हलवली.

संध्याकाळी पाहुणे बसल्यावर मी बटण दाबलं, तर खोलीत भर दुपार झाली. वायरमननं ग्यासचा दिवा लावून ठेवला होता. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. चहा देताना मुलीनं मान वर केली. नवरदेवाच्या काळ्याभोर केसांची मुळं पांढरी दिसत होती आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्या माझ्याएवढ्या. पाहुणे गेल्यावर ती आईला "नको" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी वायरमनला गाठलं. "पिवळा सांगितला होता ना तुम्हाला?"

त्यानं पिशवीतला एक दिवा काढून कानाशी धरला, टिचकी मारली.

"अण्णा, बघायचं ते फक्त त्यांनीच व्हय? पोरीनं न्हाय?"