बहिणीची गोळी

त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. नाशिकच्या दवाखान्यात माझ्या आधी तिचा नंबर होता. मी डॉक्टरांच्या खोलीतल्याच बाकावर बसलो होतो. हरसूलची बाई, बोलताना पदर बोटाला गुंडाळायची. डॉक्टरांनी तिचा जनुकांचा रिपोर्ट आणि वारलेल्या बहिणीचे केसपेपर संगणकावर एकत्र पाहिले.

“मावशी, बहिणीला दिलेली फिटची ही गोळी तुमच्या रक्ताला चालत नाही. बहिणीची कातडी सोलवटली ती हिच्यामुळेच. तुम्हाला दुसरी देतो.”

तिचं बोट थांबलं. “म्हंजे ती गोळीनं गेली? आम्ही देवीचा कोप समजलो!”



“तिच्या पोरीला कालपासून हीच गोळी चालू हाय,” म्हणत तिनं फोन माझ्या हातात दिला. मी पोरीला फोन लावून दिला.

“गोळी खाऊ नको!” बाई ओरडली. पोरीनं हो म्हटल्यावर मग ती बहिणीसाठी रडली.