सुनंदाची चौकशी करणारा फोन

मी इथे फारसं लिहीत नाही. पण आज सकाळचं कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

हॉस्पिटलमधून फोन आला. लिव्हर कॅन्सरचे पेशंट निदानानंतर किती काळ जगतात, याची ते चौकशी करतात. एका मुलीने विचारलं, “काका, सुनंदाकाकी कशी आसा?”

सुनंदा माझी बायको. “ती गेली, बाय. दिवाळीनंतर,” मी त्या मुलीला म्हणालो.

तिने विचारलं, “आजार कळल्यावर त्या कशा होत्या, काका?”

आमच्या डिचोलीत सगळे ती कशी गेली तेवढंच विचारतात. काहीजण हळूच दारूचंही विचारतात. तिने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. ती कशी जगली, हे आज पहिल्यांदाच कुणी विचारलं.

मी सांगितलं, ती गणपतीची चवथ बघेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. पण गणपतीच्या वर टांगायची फळा-नारळांची माटोळी मी बांधत होतो, तेव्हा ती खुर्चीत बसून ओरडत होती, “अवो, नारळ मधी बांधा! तुमका एक काम धड जमणा नाय!”

मुलगी हसली. मीही हसलो, आणि हसता हसता रडायला लागलो. तिने फोन ठेवला नाही.

शेवटी मी विचारलं, “बाकीचे जगतात का, बाय?”

“लवकर कळलं तर जगतात, काका. आता पूर्वीपेक्षा जास्त.”

ऐकून बरं वाटलं. आमचं उशिरा कळलं होतं.

तुमच्या ओळखीत असं कुणाचं माणूस गेलं असेल, तर ते शेवटी कसं जगलं, हे विचाराल का? आमच्याकडे सांगायला खूप असतं.