हातांनी खोटं बोलायचं नाही

सुंदराबाई आणि गुणाजी यांचं भांडण चाललंय की लाडीगोडी, हे त्यांच्या लालबागच्या चाळीत कुणालाच कधी कळलं नाही. दोघंही एकाच गिरणीत. तो साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कापड विणायचा, ती वाइंडिंगला सुताच्या कांड्या भरायची. इतकी वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर कानांनी केव्हाच हात टेकले होते, त्यामुळे ‘चाय घेतलास?’ हा साधा प्रश्नसुद्धा तिन्ही मजल्यांना विचारला जायचा. कुजबुजणं ही गोष्टच दोघांना ठाऊक नव्हती. म्हणून घरातलं काही खासगी असलं, की ती दोघं हातांनी बोलत.

ही बोली गिरणीचीच. यंत्रं सुरू असताना तिथे तोंडाचा उपयोग फक्त तंबाखूपुरता. कपाळावर आडवा पंजा धरला की टोपीवाला साहेब आला, मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे मुकादम, दोन बोटं ताणून सोडली की धागा तुटला. गुणाजीने लग्नाची मागणीही गिरणीच्या दारात हातांनीच घातली, असं चाळीत सांगत, आणि सुंदराबाई ते कधी नाकारायची नाही. फणसवाडीतून नव्याने राहायला आलेल्या एका मास्तरीणबाईंनी तर पहिल्याच आठवड्यात हळहळून विचारलं, “बिचारी मुकी आहे का हो?” दुसऱ्या दिवशी नळावर पाण्यावरून सुंदराबाईने तोंड उघडलं आणि बाईंची शंका कायमची फिटली.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गल्लीगल्लीत सभा, जमावबंदी, धरपकड. गुणाजीने सत्याग्रहाच्या तुकडीत नाव दिलं होतं. त्याच सुमारास त्यांची एकुलती एक लेक कौसल्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई बोटीवर खलाशी, त्यामुळे सगळा भार आईबापावर. गुणाजी कचरला. पण दिवस भरायला अजून अवकाश आहे असं सुईण म्हणाली, लेकीनेही ‘जा’ म्हटलं, आणि तो गेला. जमावबंदी मोडल्याबद्दल पोलिसांनी अख्खी तुकडी लॉरीत घातली.

आणि दुसऱ्याच पहाटे कौसल्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. परळच्या इस्पितळात नेलं. दुपार झाली तरी सुटका होईना. आणखी थोडी वाट बघू, नाहीतर पोटावर शस्त्रक्रिया करावी लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कौसल्या घामाने भिजली होती. तिने आईचा हात धरला आणि म्हणाली, “बाबांका सांग गो.”

पकडलेल्या तुकडीला त्याच दिवशी कोर्टात उभं करणार होते. शेजारच्या शांताला लेकीजवळ बसवून सुंदराबाई तिकडे धावली. तिथे काय चाललंय ते फाटकातच कळलं. पुन्हा सत्याग्रहात भाग घेणार नाही असं लिहून देईल तो संध्याकाळी घरी, न देईल तो तुरुंगात. आत रांगेने माणसं उभी होती, आणि गुणाजीचा नंबर जवळ आला होता. सुंदराबाई मागच्या बाकाजवळ गेली, पदर तोंडाशी धरला आणि आपल्या समजुतीने अगदी हळू म्हणाली, “अवो, हंय बघा!”

मॅजिस्ट्रेटसाहेबांची लेखणी थांबली. पंख्याखाली पेंगणारा कारकून दचकून उठला. पुढच्याच क्षणी हवालदाराने सुंदराबाईला व्हरांड्यात आणून सोडलं.

पण व्हरांड्याला खिडकी होती आणि गुणाजीने तिला पाहिलं होतं. त्याने पोटावरून हात गोल फिरवला आणि तळवा वर केला. कौशीचं काय?

सुंदराबाईच्या मनात आलं, सगळं ठीक म्हणून सांगावं. बाप सुखाने जाईल, त्याची मान ताठ राहील. पण तिचे हात काही उठेनात. साचा चालू असताना कुणी ‘बंद आहे’ अशी खूण केली, तर दुसऱ्याची बोटं जायची. म्हणून तोंडाने हव्या तेवढ्या थापा मारायची गिरणीत मुभा होती, हातांनी नव्हती. ज्याने तसं केलं त्याच्या शेजारी पुन्हा कुणी उभं राहत नसे.

तिने खरं ते सांगितलं. दोन्ही मुठी एकमेकींत अडकवून ओढल्या. सुताचा गुंता झाला की करतात ती खूण. गुंता बसलाय, सुटत नाही. मग पंजाची कड पोटावरून आडवी नेली.

गुणाजीचा चेहरा उतरला. खांदे खाली आले. त्याची नजर टेबलावरच्या कागदाकडे गेली, तिथेच राहिली, आणि सुंदराबाईला कळलं की हा आता सही करणार. त्याने केली असती तर तिने एका शब्दाने त्याला बोल लावला नसता. पण हा माणूस त्यानंतर जन्मभर खाली मान घालून जिना चढेल, हेही तिला दिसलं, आणि ते तिला सोसवेना.

तिने खिडकीच्या गजावर टकटक केली. त्याने पाहिल्यावर तळवा छातीवर आपटला आणि हात लांब करून हवेत मोठा फेर घेतला. कामगार पाणी प्यायला निघाला, की शेजारचा ही खूण करायचा. तुझे साचेही माझ्याकडे. मी बघते, तू जा.

“ए बाई, कसल्या खाणाखुणा चालल्यात?” हवालदार खेकसला.

“माशयो हाकलतंय!” सुंदराबाई म्हणाली.

गुणाजीने तिच्याकडे एकवार नीट पाहिलं आणि पाठ फिरवली. ही गिरणीची रीत. साचे सोपवून जाणारा मागे वळून बघत नाही. बघितलं, तर तुझ्यावर माझा भरवसा नाही असा त्याचा अर्थ, आणि त्यावरून मारामाऱ्या झालेल्या. नाव पुकारलं गेलं तेव्हा तो सरळ उभा राहिला.

“लिवून देवचंय नाय, साहेब,” तो म्हणाला. “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!”

तो त्याचा नेहमीचाच आवाज, पण फाटकाबाहेरच्या गर्दीने त्याला घोषणेनेच उत्तर दिलं. शिक्षा ऐकून पोलिसांच्या लॉरीकडे जाताना तो सुंदराबाईच्या अगदी जवळून गेला. बाकीच्या सत्याग्रहींनी आपापल्या माणसांना हात हलवले, हा मात्र समोर बघत लॉरीत चढला. शेजारी उभी असलेली एक बाई कळवळून म्हणाली, “अगो बाय, तुझ्याकडे ढुंकून पण बघल्यान नाय!”

सुंदराबाईचा ऊर अभिमानाने भरून आला होता. त्या बाईला समजावत बसायला तिला वेळ नव्हता. ती इस्पितळाकडे पळत सुटली.

शेवटी शस्त्रक्रिया करावीच लागली. दिवेलागणीला मुलगी झाली, बारीक पण खणखणीत रडणारी. कौसल्या शुद्धीवर आली तेव्हा आई उशाशी होती.

“बाबा सुटले?”

“नाय. गेले जेलात.”

“त्यांका सांगितलंस मा, माझा असा झाला म्हणान?”

“सगळा सांगितलंय. मगे म्हटलंय, मी बघतंय, तुमी जावा.”

कौसल्या गिरणीवाल्यांची लेक. तिने क्षीण आवाजात विचारलं, “जाताना मागे वळान बघल्यांनी?”

“एकदा पण नाय,” सुंदराबाई म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.