रत्नप्रभाचं गाऱ्हाणं

रत्नप्रभाची सासू लकव्यानं अंथरुणाला खिळली, त्याला शहाऐंशीच्या श्रावणात चार वर्षं होत आली होती. उजवं अंग गेलेलं, जीभ जड. मुलुंडच्या त्या दीड खोलीत तिला भरवणं, धुणं, कूस बदलणं, सगळं एकट्या रत्नप्रभाच्या गळ्यात. नवरा जयवंत कंपनीत पाळ्या करायचा. घरी आला की घटकाभर आईचे पाय चेपायचा आणि घोरायला लागायचा. नणंद प्रेमा घाटकोपरला, धाकटा दीर बाळा बोरिवलीला. दोघं केळी घेऊन यायचे आणि सल्ले देऊन जायचे. "आईची पाठ लाल झालीय गं वैनी, लक्ष देत जा ना!" असं प्रेमानं म्हणावं आणि वैनीनं तिच्यापुढे चहाचा कप ठेवावा. चाळीत सगळे म्हणायचे, सून असावी तर अशी. म्हणायला काय जातं?

त्या श्रावणातल्या एका आठवड्यात मात्र नको ते घडलं. चादर बदलताना सासूनं सगळं अंग टाकलं आणि रत्नप्रभानं तिचा लुळा हात असा हिसडला, की म्हातारी कळवळली. मग मुकाट रडत राहिली. रत्नप्रभा मोरीत जाऊन उभी राहिली. तिला स्वतःचीच भीती वाटली. आज हिसडला, उद्या मारेन. जयवंतला सांगितलं, तर तो म्हणाला, "होतला गो सगळा नीट."

त्याच रविवारी घरी सत्यनारायण होता, प्रेमा आणि बाळाही आले होते. कोकणातल्या माणसांकडे पूजा झाली की गाऱ्हाणं घालतात. घरातला जाणता पुरुष नारळ हातात घेऊन देवाकडे मागणं मागतो, आणि बाकीचे दर मागण्याला "होय म्हाराजा!" म्हणून होकार भरतात. काय मागितलं याकडे कुणाचं लक्ष नसतं. ते असतं शिऱ्याकडे.

जयवंतच्या चुलत्यांनी, भिकाजीकाकांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! ह्या घरात जी काय इडापीडा आसात, ती बारा वाटेन भायर काढ!"

"होय म्हाराजा!"

तेवढ्यात काकांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. जयवंतला पुढचं येईना. बायका काही गाऱ्हाणं घालत नाहीत. रत्नप्रभानं काकांच्या हातातला नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा! तुजी लेक प्रेमा दर बुधवारी येवन खाटेवरल्या आवशीक सांभाळतली, तिका बळ दी!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज प्रेमाचाच.

"तुजो भक्त बाळा दर आयतवारी येतलो, तेका सुबुद्धी दी!"

"होय म्हा..." बाळा मध्येच थांबून वैनीकडे बघायला लागला.

"आणि माजो हात आवशीवर उठाचो नाय, इतकी झोप माका दी!"

आता कुणी होय म्हणेना. काकांचा खोकलासुद्धा थांबला. जयवंत खाली बघत होता. "मी कधी म्हटलं..." म्हणून प्रेमानं तोंड उघडलं, तोच मागून, खाटेवरून आवाज आला. जड, तुटका, पण सगळ्यांना कळेल असा.

"हो...य... म्हा...राजा."

रत्नप्रभाला रडू फुटलं. प्रेमानंही पदर डोळ्यांना लावला. पण जित्याची खोड! नाक ओढत म्हणाली, "वैनी, बुधवारी आमच्याकडे पाहुणे असतात गं. मंगळवारी आले तर?"

रत्नप्रभानं नारळ देवापुढे ठेवला.

"येवा," ती म्हणाली. "देवाक चलात."