वाळत घातलेला सदरा

शिडं शिवणाऱ्या त्या मुलीला अख्खं जहाज दाभण म्हणायचं. हातात कायम दाभण आणि बोलणं त्याहून टोकदार. दुसरं नाव सुचायला वाव तरी कुठे होता? तिचा बाप त्याच जहाजावरचा सुतार. मागच्या लढाईत शत्रूने त्याला धरून नेलं, तेव्हापासून ती समोरच्या किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्यांच्या नावाने बोटं मोडायची. खरं तर दोन्हीकडची भाषा एक, शिव्याही त्याच. राजे तेवढे वेगळे.

पुढच्या चकमकीत एक जण गटांगळ्या खाताना दिसला. तिने दोर टाकून त्याला वर ओढलं, आणि बघते तर शत्रूचा स्वयंपाकी! जहाजाचा रिवाज असा, की ज्याने पाण्यातून काढला, बंदी त्याचा. त्याच्या होकाराशिवाय कप्तानसुद्धा बंद्याला सोडू शकत नसे.

"परत ढकलू का?" तिने विचारलं.

"जेवण झाल्यावर ढकला," तो धापा टाकत म्हणाला. "उपाशीपोटी बुडणं जिवावर येतं हो."

मग तो भटारखान्यात शिरला आणि त्या जहाजावर पहिल्यांदाच लोकांनी ताटल्या चाटून पुसून लख्ख केल्या. दुपारी तो तिच्याशेजारी बसून दोऱ्याला मेण लावायचा आणि तिची बोलणी खायचा. एक दिवस तो नुसता हसला, आणि हिला टाका कुठे घालायचा तेच सुचेना. शत्रूवर जीव जडला होता, आणि तोही बोलणी खाऊन हसणाऱ्या असल्या माणसावर!

त्याच भरात तिने त्याचा पांढरा सदरा धुतला आणि डोलकाठीच्या दोरावर वाळत घातला. भर युद्धात! तासाभरात शत्रूचं जहाज हजर. त्यांचा कप्तान ठेवणीतला कोट चढवून होडीतून आला.

"तुमची शरणागती मान्य आहे," तो म्हणाला.

"कसली शरणागती? धुणं आहे ते!" आपला कप्तान ओरडला.

दोघे आधी ओशाळले, मग पोट धरून हसले. आलोच आहोत तर म्हणून बोलणंही झालं: तुमचा सुतार घ्या, आमचा स्वयंपाकी द्या. कप्तान तिच्याकडे वळला. "बंदी तुझा. बोल."

ती स्वयंपाक्याकडे बघू लागली.

"हो म्हण ना," स्वयंपाकी हळूच म्हणाला. "बाप आहे तुझा."

"तुला जायचंय?"

"नाही. म्हणून तर लवकर म्हण."

ती हो म्हणाली. तो ओला सदरा अंगात घालून होडीत उतरला आणि त्याच होडीने पलीकडून बाप आला. ती बापाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

"अगं, आलो ना मी! आता कशाला रडतेस?"

"तुमच्यासाठी नाही, बाबा. तुम्ही आलात म्हणून हसायचंय मला. आधी हे उरकू द्या."

बापाने दूर जाणाऱ्या जहाजाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"माझ्यासाठी देऊन टाकलंस त्याला?"

"देऊन कशाला टाकेन?" ती डोळे पुसत फणकारली. "लढाई संपेपर्यंत उसना दिलाय. आपण होऊन आला तर ठीक, नाही तर मी जाणार आहे आणायला."