दादा चारच शीलं म्हणायचा

माझा मोठा भाऊ समुद्राच्या तळाशी जाऊन हातोडीनं जीव मारायचा. नोकरीच ती होती.

दादा जाऊन आज वर्ष झालं.

गडमुडशिंगीच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला हा गडी नव्वदच्या दशकात जहाजावर लागला आणि तिथून जपानच्या एका मच्छीमार गावात डायव्हर झाला. कसा, ते विचारू नका. दर वेळी वेगळी स्टोरी सांगायचा.

तिथं समुद्राचा तळ उजाड झालेला.
सी-अर्चिन नावाच्या काटेरी गोळ्यांनी सगळं शेवाळ फस्त केलेलं. शेवाळ नाही म्हणून मासे नाहीत.
दादाची टीम खाली जाऊन ते गोळे फोडायची, म्हणजे शेवाळ पुन्हा धरेल.

पहिल्या सुट्टीत आला तेव्हा आईनं विचारलं, "तिथं करतोस तरी काय?"

त्यानं सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "तिथली माणसं बी बुद्धाचीच न्हवं? त्यास्नी चालतंय?"

"त्यास्नी न्हाय इचारलं, आई."

संध्याकाळी आम्ही बुद्धाच्या फोटोसमोर पंचशील म्हणायला बसलो.
पहिलं शील, जीवहत्या करणार नाही. दादाचा आवाजच नाही.
दुसऱ्यापासून नेहमीसारखा खणखणीत.

"पहिलं का न्हाय म्हटलास रं?" आईनं विचारलं.

"सुट्टी संपली की परत हातोडी घ्यायचीच हाय. पहिलं म्हटलं तर खोटं न बोलायचं चौथं मोडतंय की!"

तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत चारच.
मामा चिडवायचा, "काय पावणं, एक शील जपानात इसरलं व्हय?" सगळे हसायचे. आई हसायची नाही. तिच्या जिवाला ते फार लागलं होतं.

दोन हजार सालानंतर एकदा त्यानं फोटो आणले. तोच खडक, आता शेवाळानं भरलेला. मधे बारीक मासे.

आईनं चष्मा लावून बघितलं. "लई पिल्लं हाईत की रं! आता तरी म्हण पहिलं."

"मारलं ते मारलंच की, आई."

तेव्हा मला त्याच्या हट्टाचा राग यायचा. आता वाटतं, आमच्या घरात ते शील खरं मनावर घेतलं ते त्यानंच.

शेवटपर्यंत त्यानं ते म्हटलं नाही.

आज त्याच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. सगळे पंचशील म्हणत होते. पहिलं शील झालं, लोक दुसऱ्यावर गेले, आणि आई एकटीच पुन्हा पहिलं म्हणायला लागली.

मला वाटलं, वयानं चुकली. मी तिचा हात धरला.

"गप गं," ती म्हणाली. "त्येचं ऱ्हायलंय."

दादा, निवांत राहा.