चार पायांचा बेडूक

माझा स्वभाव तापट, आणि हातात लाल पेन्सिल असली की जास्तच. साठ सालानंतरची गोष्ट. मालवणजवळच्या एका शाळेत मी शास्त्र शिकवत होतो. दर पावसाळ्यात सातवीच्या मुलांनी काचेच्या बरणीत बेडकाची अंडी ठेवायची, घराजवळच्या तळ्यातलं पाणी आणून बदलत राहायचं आणि दर शनिवारी जे दिसेल त्याचं चित्र वहीत काढायचं, असा माझा शिरस्ता.

श्रावणात सगळ्यांच्या पिल्लांना पाय फुटले. एका मुलीच्या वहीत मात्र दर शनिवारी तेच शेपटीवालं पिल्लू, नुसतं लठ्ठ होत चाललेलं. मला वाटलं, पोरगी चालढकल करतेय.

"पाय कुठे आहेत?"

"इलेच नाय, गुरुजी."

"तुझ्या बेडकाला वेगळा नियम आहे का? पुस्तकात बघून काढ!"

सोमवारी तिने चार पायांचा देखणा बेडूक काढून आणला. आधीची चित्रं खोडरबराने पुसून टाकली होती. मी खाली लिहिलं, 'छान'.

चार दिवसांनी ती बरणीच घेऊन शाळेत आली. आतल्या एकाही पिल्लाला पाय नव्हते. मी वरमलो. मग तिला समजावलं की बेडकाच्या गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉइड. तिचा रस रक्तात उतरला की पाय फुटतात, शेपटी जिरते. तो रस कमी पडला तर पिल्लू पिल्लूच राहतं.

"मगे आमच्या तळ्याच्या पाण्यान तेंचो गळो धरलो काय?"

मी तिच्या घरी गेलो. भातावरच्या किडीसाठी तिच्या वडिलांनी नवा फवारणीचा पंप आणला होता, आणि तो ते त्याच तळ्यात धूत. घरची विहीर तिथून दहा पावलांवर.

"आणि आमी पितंव ता पाणी?" तिने विचारलं. दोष औषधाचाच, हे छातीठोकपणे सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. काही रसायनं त्या ग्रंथीच्या कामात ढवळाढवळ करतात, हे मी वाचलं ते पुष्कळ वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी बरणीतली पिल्लं मेली. तरी मी तिच्या वडिलांना गाठलं आणि म्हटलं, पंप तळ्यात धुवू नका, बेडकांची वाढ खुंटलीय. ते शांतपणे आत गेले, मुलीची वही घेऊन आले आणि त्यातल्या बेडकावर बोट ठेवलं.

"बेबो तर पुरो आसा, गुरुजी. चार पाय आसत. आणि खाली 'छान' तुमीच लिवलास मा?"

"ता चित्र खोटा आसा. चूक माझी."

"मास्तर खोटा शिकयतत काय?" ते हसले. पंप पुढेही तळ्यातच धुतला गेला.

मुलगी मात्र त्यानंतर रोज शाळेत उशिरा येऊ लागली. एकदा मी कारण विचारलं. "देवळाकडच्या विहिरीचा पाणी आणतंय, गुरुजी. सगळ्यांका."

देऊळ तिच्या घरापासून चांगलं मैलभर लांब. उशिराबद्दल मी तिला कधी ओरडलो नाही. त्या घरात माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती, आणि तिलाच मी खोटं काढायला लावलं होतं.